निरोगी झोप

स्वप्न सुरू झालं की माणसाचे स्नायू सैल पडतात आणि झोपेच्या आलेखावरची हनुवटीच्या स्नायूंची रेघ सपाट होते. त्रायानच्या आलेखात ती तपासणीच्या दोन्ही रात्री, प्रत्येक स्वप्नात सपाटच होती.

"डॉक्टरबाई, स्वप्नात मी अस्वलाशी झुंजतो आणि मार खाते ही बिचारी," असं तो पहिल्या दिवशी म्हणाला, तेव्हा मी हसले होते. त्याची बायको व्हेतुरियाही हसली होती. डोंगरातल्या गावातून त्याला आमच्या क्लुज शहरातल्या दवाखान्यात तिनंच आणलं होतं.

"स्वप्नात तुमचा हात हलतच नाही," मी सांगितलं. "झोपेचा कसलाही आजार नाही तुम्हाला."

"बघ, उगाच खर्चात पाडलंस. चल, गाडी चुकेल."

व्हेतुरिया उठली नाही. तिनं बाही मनगटाखाली ओढली.

"हा जागेपणी मारतो हे सांगायची लाज वाटायची, डॉक्टरबाई. म्हणून आईला, बहिणीला 'झोपेत लागतं' म्हणत आले. म्हणता म्हणता मलाही ते खरं वाटायला लागलं होतं."

मग ती त्याच्याकडे वळली.

"तू जा, त्रायान. मी घरी येणार नाही."