लाइनपार क्लबची गिटार

“वाईट वाजवायचं?” गनीमास्तरांनी विचारलं.

“तेवढ्यापुरतंच, मास्तर,” सावळाराम म्हणाला. “पाच मिंटांचं काम हाय.”

मास्तरांच्या लेकीच्या, शाहिस्ताच्या, शिरूरच्या घरी ओट्यावर दोघं बसले होते. दौंड सोडून मास्तर लेकीकडे आले त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. येताना त्यांनी गिटार आणली नव्हती. आणणार कशी? ती त्यांची नव्हतीच. ती लाइनपार क्लबची होती.

दौंडला रेल्वेलाइनीपलीकडचा हा जुना क्लब आता, अठ्ठ्याण्णव साली, बंद व्हायला निघाला होता. सावळाराम तिथला एकुलता एक कारकून. चांगलं सामान शिक्रापूरचा हॉटेलवाला म्हस्कूशेठ उचलणार, आणि मोडकंतोडकं ज्याला हवं त्यानं न्यावं, असा कमिटीचा ठराव झाला होता. खुर्च्या, कपाटं, बिलियर्डचं टेबल गेलं तर जावो. सावळारामचा जीव अडकला होता तो गिटारीत.

अठ्ठेचाळीस साली विलायतेला परत जाताना एका गोऱ्या इंजिन ड्रायव्हरनं ती क्लबला देऊन टाकली होती. पोकळ, फुगीर पोटाची. तारांच्या दोन्ही बाजूंना व्हायोलिनला असतात तशी वळणदार भोकं. रंग जुन्या मधासारखा. मानेच्या मागे एका जागी पॉलिश पार उडालेलं. तिथं चाळीस वर्षं मास्तरांचा अंगठा टेकत होता.

सावळाराम राहूचा, मेंढपाळाच्या घरातला. ढोलाशिवाय दुसरं वाद्य त्यानं कधी मन लावून ऐकलं नव्हतं. क्लबात आधी वेटर म्हणून लागला त्या पहिल्याच शनिवारी संध्याकाळी त्यानं मास्तरांचं जॅझ ऐकलं आणि हातातला ट्रे तसाच धरून उभा राहिला. त्यातलं ओ की ठो त्याला कळलं नव्हतं. पण सूर सरळ वाटेनं चाललाय म्हणावं, तर मास्तर त्याला भलत्याच आडवाटेला नेत. आता हा चुकला म्हणून आपण श्वास रोखावा, तर हसत हसत घरी आणून सोडत.

तेव्हा गार्ड-ड्रायव्हर मंडळी बायकांसह नाचायची. पुढे कुणी गोव्याला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला. नाचणारे संपले. मास्तर आपले दर शनिवारी वाजवत राहिले आणि ऐकायला एकटा सावळाराम. आपल्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काय ते त्या शनिवारांत होतं, असं तो खुशाल बायकोदेखत सांगायचा. मग सोजराबाई दोन दिवस त्याच्याशी बोलत नसे.

“म्हस्कूशेठला शनिवारी हॉटेलात आर्केस्ट्रा बसवायचाय, कंपनीतल्या लोकांसाठी,” सावळाराम समजावू लागला. “ऐकल्याबिगर तो गिटार घ्यायचा न्हाई. आन् वाजवून दाखवणार कोण? तुम्हीच. बिघडलीय आसं वाटंल आसं वाजवा. तो नको म्हणंल, मी निकामी लिहितो. मग तुमची गिटार तुमच्याकडं.”

मास्तरांनी आपल्या बोटांकडे पाहिलं.

“क्लबात परत वाजवायचं,” ते म्हणाले, “आन् ते बी वाईट.”

“जमंल ना?”

“बगतो.”

गुरुवारी सकाळी शाहिस्ता त्यांना एसटीनं क्लबात घेऊन आली. म्हस्कूशेठ आणि कमिटीची माणसं आधीच येऊन बसली होती. मास्तरांनी काळा कोट घातला होता, इस्त्री केलेला. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, एकेक तार रुमालानं पुसली आणि कान लावून पाव तास सूर जुळवत बसले. सावळाराम म्हस्कूशेठच्या तोंडाकडे बघत राहिला. मास्तरांना वाईट वाजवायची सवय नव्हती. हाताच्या ओढीनं चांगलं वाजून गेलं म्हणजे सगळंच मुसळ केरात.

मास्तरांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

पहिला सूर लागला. दुसरा अडखळला. मग तारा खरखरू लागल्या, एक सूर मुकाच राहिला, एक भलताच वाजला. मास्तर थांबले. तळवे कोटाला पुसून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं, ते आणखीच वाईट. त्यांच्या कपाळावर घाम डवरला. शाहिस्ता उठून बाहेर व्हरांड्यात गेली. बापाचं हसं झालेलं पोरीला बघवलं नसेल, असं सावळारामला वाटलं. त्याला स्वतःला मात्र हसू आवरेना. काय हे नाटक! घामसुद्धा आणला पठ्ठ्यानं!

“ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या,” म्हस्कूशेठनं हात वर केला. “लाकूड गेलंय हिचं. मी पुण्यावरनं नवी आणतो.”

सावळारामनं यादीत ‘निकामी’ असं लिहिलं आणि कमिटीच्या माणसांच्या सह्या घेतल्या. दुपारपर्यंत टेम्पो भरला, माणसं पांगली. म्हस्कूशेठची जीप फाटकाबाहेर पडेपर्यंत सावळाराम दारात उभा होता. मग त्यानं दार लावून घेतलं आणि जवळजवळ धावतच मास्तरांकडे आला.

“मास्तर, काय वाजवलंत हो! इतकं वाईट वाजवायला बी मास्तरच लागतो. आता ही तुमची. कुणी न्हेत न्हाई.” त्यानं गिटार त्यांच्या हातात दिली. “दोन वर्षं झाली, कान नुसते उपाशी हायेत. आता एकदा खरं वाजवा.”

हॉलात एकही खुर्ची उरली नव्हती; मास्तर वाजवायच्या चौथऱ्याच्या कडेला टेकले होते. तो मास्तरांच्या समोर जमिनीवरच मांडी घालून बसला आणि त्यानं डोळे मिटले.

काहीच वाजलं नाही. त्यानं डोळे उघडले. मास्तर गिटारीवरून नुसता हात फिरवत होते.

“सावळा,” ते म्हणाले, “गिटार गेली तर जाऊ दे, पण या जागेवर वाईट वाजवायचं न्हाई, आसं ठरवून आलो होतो. मगाशी मी जीव ओतून वाजवलं.”