रबरी अंगठा

कासारकाकांचा श्वास सुरळीत झाला तेव्हा कुठे तुस्कानो सिस्टरनी त्यांचा हात सोडला. सुजलेला चेहरा अजून ओळखू येत नव्हता. काकांना पेनिसिलिन चालत नाही, हे वॉर्डातल्या मावशींनाही ठाऊक होतं. तरी औषधं लिहून देणाऱ्या यंत्राने तेच लिहिलं आणि सकाळी तेच सलाइनमधून गेलं.

"याला मान्यता कोणी दिली?" सिस्टर कडाडल्या.

अधीक्षक डॉक्टर खरवडकरांनी यंत्राचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "तुम्हीच. सहा वाजून दहा मिनिटांनी."

"तेव्हा मी बसमध्ये होते!"

"तुमचा अंगठा इथेच होता ना?"

औषध यंत्राने लिहावं, पण जिवंत माणसाच्या अंगठ्याशिवाय ते देऊ नये, असा कायदा होता. दिवसाला नऊशे वेळा अंगठा टेकवायला फुरसत कुणाला? म्हणून गेल्या वर्षी सगळ्या सिस्टरनी हसतखिदळत आपापल्या अंगठ्याचे रबरी ठसे करून घेतले होते. यंत्र ऊब तपासायचं, म्हणून ते चहाच्या गरम किटलीला टेकवून ठेवत; जो हाती लागेल तो कुणीही यंत्रावर दाबे.

सिस्टरनी किटलीमागून आपला अंगठा उचलला. कोमट, चिकट, विळीने कापल्याच्या जुन्या खुणेसकट हुबेहूब त्यांचाच. "शी!" म्हणत त्यांनी तो कचऱ्याच्या डब्यात भिरकावला आणि कातडी लाल होईपर्यंत हात धुतले.

डॉक्टरांनी मऊ मेणाची वाटी पुढे सरकवली.

"बरं केलंत, झिजलाच होता तो. चौकशीचं नंतर बघू. आधी नवा ठसा द्या, दुपारची औषधं खोळंबलीत."