बिचव्याचं पाणी

टिक्.

करडईच्या तेलातून वर काढलेल्या पात्यावर केसाएवढी रेघ उमटली. बेंबळीच्या वीरप्पा लोहारांनी पातं कानाजवळ नेलं, नखानं टिचकी मारली आणि कोपऱ्यात टाकलं. सकाळपासून तडकलेलं हे दुसरं.

भट्टीपासून चार हातांवर सोनाली पेटी मांडीवर घेऊन बसली होती. ती संग्रहालयातून आली होती आणि पेटीत दोनशे वर्षांपूर्वीचा बिचवा, म्हणजे विंचवाच्या नांगीसारखी वाकडी कट्यार होती. त्याला गंज खात चालला होता, म्हणून आता तो कायमचा काचेमागं जाणार होता. शाळेच्या पोरांना हातात घेऊन बघता यावं म्हणून हुबेहूब दुसरा हवा होता. मूळ बिचवा फक्त आजच्यापुरता बाहेर काढायची परवानगी मिळाली होती. सहाच्या आत तो परत न्यायचा होता.

"काका, चार वाजले," ती म्हणाली. "नुसतं आकाराचं पातं दिलंत तरी चालेल. धार तर नकोच आहे."

"पाणी न पाजलेलं पातं म्हंजे पत्रा," वीरप्पा म्हणाले. "पत्राच पायजे तर माझ्याकडं कशाला यायचं?"

तिसरं आणि शेवटचं पातं संघप्रियाच्या हातात होतं. आयटीआय करून ती तीन वर्षांपूर्वी या भट्टीवर आली होती. ट्रकच्या पाट्याचं पोलाद ठोकून, कानशीनं घासून, संग्रहालयानं पाठवलेल्या मापांवरून बिचव्याचा तो दुहेरी बाक तिनंच आणला होता. ठोकायचं, घासायचं काम तिचं. पाणी पाजायचं, म्हणजे तापलेलं पातं तेलात बुडवून कडक करायचं काम मात्र वीरप्पांचं. त्या वेळी सांडशी त्यांनी आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती.

त्यांनी दार लोटून घेतलं, फटीवर पोतं टाकलं. लोखंडाचा खरा रंग अंधारातच कळतो. पळसाच्या फुलाचा रंग आला की तेलात. त्याच्या पुढं गेलं की पातं तडकणार, अलीकडं काढलं तर मऊ राहणार.

संघप्रियानं पंख्याचं बटण दाबलं. कोळसे फुलले. पातं काळं होतं, ते हळूहळू मंद लाल व्हायला लागलं.

"रंग आला का गं?" वीरप्पांनी हळूच विचारलं.

संघप्रिया दचकली. तीन वर्षांत अप्पांनी हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"अजून न्हाय, अप्पा. लालच हाय."

"मला समदं एकच दिसायलंय." त्यांनी सांडशी तिच्यापुढं केली. "वर्ष झालं. धर."

"अप्पा, म्या कधी..."

"धर म्हनतो ना! जाईल पातं!"

तिनं सांडशी धरली. टोक पातळ, ते आधी तापत होतं. तिनं पातं मागं ओढलं, उलटं केलं, पुन्हा आत सारलं. मुठीकडून रंग सरकत आला. लाल. लालबुंद. टोकापासून बाकापर्यंत एकसारखा पळस फुलला.

"आला!"

"सरळ घाल! तिरपं करू नको!"

पातं तेलात गेलं. भस्सकन जाळ उठला, छताचे पत्रे क्षणभर पिवळे झाले. सोनाली पेटी कवटाळून उभी राहिली. संघप्रियानं हात हलू दिला नाही. जाळ विझला. वीरप्पांनी मान वाकवून कान तेलाच्या डब्याकडं नेला होता.

टिक् झालं नाही.

"काढ."

वीरप्पांनी कानस मागितली आणि पात्यावर ओढली. ती काचेवरून घसरावी तशी घसरली. पुन्हा ओढली, पुन्हा घसरली. कडक झालेल्या पोलादाला कानस धरत नाही. "लागंना!" ते ओरडले. "कानस लागंना, पोरी!"

दार उघडलं. उन्हात सोनालीनं पेटीतला बिचवा पहिल्यांदा बाहेर काढला आणि नव्याशेजारी धरला. बाकाला बाक लागला, मध्ये उजेडाची फटसुद्धा राहिली नाही. "जमलं!" ती म्हणाली, मग स्वतःच्याच मोठ्या आवाजाला हसली. संघप्रिया तोंडावर दोन्ही हात ठेवून नुसती बघत राहिली.

"आदली दोन माझ्या डोळ्यांपायी गेली, मॅडम," वीरप्पा म्हणाले. "हिच्या हातानं न्हवं."

सोनालीला एकदम आठवलं. "काका, एक राहिलं. हा नवा आहे हे कुणालाही कळलं पाहिजे. उद्या जुना म्हणून खपायला नको. मुठीवर करणाऱ्याची खूण हवी."

वीरप्पांचा हात खिळ्यावर टांगलेल्या 'वी'च्या ठशाकडं गेला. तिथंच थांबला. त्यांनी ठसा सोडून बारीक छिन्नी काढली आणि संघप्रियाच्या हातात ठेवली.

"ठसा न्हाय माझ्याकडं," ती म्हणाली.

वीरप्पांनी बिचव्याची पाणी न पाजलेली मऊ मूठ ऐरणीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली.

"तुझं अक्षर मार," ते म्हणाले. "वाकडं उमटलं तरी ऱ्हाऊ दे."