अमावास्येपर्यंत

दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून आठव्या महिन्यातली केतकी डाव्या कुशीवर पडून होती. उठायची बंदी, आणि समोर स्टुलावर सासूबाई.

"उद्याच सिझर करा, डॉक्टर. परवा अमावास्या!"

"बाळाची फुप्फुसं कच्ची आहेत. आज इंजेक्शन दिलंय, गुण यायला परवा उजाडेल."

सासूबाईंनी तिथी, गुरुजी, नणंदेचं बाळंतपण, सगळं काढलं. यंत्रावरचा आकडा चढत गेला.

"आजी," सिस्टर म्हणाली, "तुम्ही बोललात की हिचं बीपी वाढतं. असंच वाढलं तर आत्ताच काढावं लागेल, कच्चंच."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. एवढं कडक व्रत त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

अमावास्येला पोरीनं खणखणीत टाहो फोडला.

"लक्ष्मी अमावास्येलाच येते," म्हणत सासूबाई दोन दिवसांचं तुंबलेलं बोलायला बसल्या. टाके ताजे होते. केतकीला अजूनही उठायची बंदी होती.