पहिली मेंदी

नवरा वारल्यावर पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपले, त्या सकाळी सासूबाई मला तारूदांत गावातल्या हमामात, बायकांच्या गरम पाण्याच्या न्हाणीघरात, घेऊन गेल्या. मला मूलबाळ नव्हतं. आता त्या मला कायमची माहेरी पाठवतील, असं मी धरून चालले होते. ऊबदार ओट्यावर बसून मी भिजवलेल्या मेंदीत लिंबू पिळायला घेतलं, तर त्यांनी ते काढून घेतलं. “लिंबू कसलं? चार महिने तेल नाही, केसांचा काथ्या झालाय. अर्गनचं तेल घाल.” “किती, लल्ला?” मी अदबीने विचारलं. “किती म्हणे! कणकेला घालतेस तेवढं.” मग वाडगा ओढून घेऊन त्यांनी स्वतःच मेंदी लावायला सुरुवात केली. दफनाच्या दिवसानंतर त्यांचा हात मला पहिल्यांदाच लागत होता. अंग घासणारी हादा म्हणाली, “आणखी दोन तास ठेवा, रंग चढेल.” “रंग चढेल आणि डोक्यावर केरसुणी उगवेल! तू आपली पाठी घासत बस.” मेंदी ओलसर होती तोवरच त्यांनी कोमट पाण्याची बादली माझ्या डोक्यावर रिकामी केली. पाण्याच्या आवाजात मी विचारून टाकलं, “मी माहेरी कधी जायचं?” त्या केस पिळत राहिल्या. “जा की, आईला भेटून ये. पण महिन्याभरात परत ये. पुढच्या खेपेला नुसत्या मुळांना लावू. टोकांना सारखी लावली तर ती कोरडी पडतात. आणि माझ्या डोक्याला तू लावायचीस, पोरी. या हादाचा हात फार जड आहे.”