वळणारा चेंडू

प्रशिक्षक रामस्वामी सरांची हाक आली तेव्हा चंद्रमतीची बोटं शेषम्माच्या बोटांवर होती. बेसबॉलच्या लाल शिवणीवर बोट नेमकं कुठे टेकवायचं, ते ती दाखवत होती.

"इकडे ये," सर तमिळमध्ये ओरडले. "एकटीच."

साल चौऱ्याण्णव. तंजावूरच्या मैदानावर दक्षिण विभागाच्या मुलींचं शिबिर भरलं होतं. संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, एकच घ्यायची होती. जी निवडली जाईल तिला रेल्वेतली नोकरी जवळपास ठरलेली. चंद्रमती इथलीच, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठी बोलणाऱ्या घरातली. तिच्यासारखा वळणारा चेंडू शिबिरात दुसऱ्या कुणालाच जमत नव्हता. शेषम्मा आंध्रातल्या खेड्यातून आलेली. तिच्या हातात जोर असा, की चेंडू झेलणाऱ्या साईप्रियाचा तळवा ग्लव्हच्या आतही लाल व्हायचा. पण चेंडू जायचा सरळ. आणि तेलुगूखेरीज तिला एक अक्षर कळत नव्हतं.

"तुझी जागा मी धरून ठेवलीय," सर आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तू ती तिच्या हातात देतेस? वेड लागलंय का?"

"सर, चांगला चेंडू टाकते ती. थोडंच राहिलंय."

"पुन्हा तिला शिकवताना दिसलीस तर तुझं नाव खोडेन."

चंद्रमती सरांच्या डोळ्यांदेखत जाऊन शेषम्माच्या शेजारी उभी राहिली.

बोटं जमली होती. अडत होतं मनगट. चंद्रमतीने तमिळमध्ये सांगून पाहिलं, मोडक्या इंग्रजीत सांगितलं, चिडून घरच्या मराठीतही सांगितलं. शेषम्मा दर वेळी "इलाना, अक्का?" म्हणजे 'असंच ना, ताई?' विचारायची आणि चेंडू सरळच टाकायची. शेवटी चंद्रमतीने डावा तळवा नारळ धरल्यासारखा पुढे केला आणि उजव्या हाताची कड कोयत्यासारखी त्यावर आणली.

शेषम्मा खळखळून हसली. नारळ तिने ढिगांनी फोडले होते. तिने चेंडू उचलला आणि हात तसाच खाली आणला. चेंडू साईप्रियापाशी पोचता पोचता झपकन खाली वळला, आणि साईप्रिया हातातला ग्लव्ह सावरत ओरडली, "अय्यो!"

निवडीच्या दिवशी सरांनी वही उघडली आणि चंद्रमतीच्या हातात बॅट दिली.

"शिकवलंस ना? मग तूच खेळ तिला. सगळ्यांसमोर. तीन स्ट्राइक झाले तर जागा तिची."

शेषम्माला भाषा कळली नसली तरी डाव कळला. तिने पहिला चेंडू मुद्दाम हळू टाकला, अगदी सरळ. कुणीही मारला असता. चंद्रमतीने बॅट हलवलीसुद्धा नाही. सोडलेला चेंडू म्हणून एक स्ट्राइक झाला. तिने बॅट जमिनीवर आपटली, शेषम्माकडे रोखून पाहिलं आणि हाताची कड हवेत सपकन खाली आणली.

दुसरा चेंडू वळायचा तो अर्धवटच वळला. चंद्रमतीने दया दाखवली नाही. तिचा फटका रेषेबाहेरून, कोलाच्या नव्या जाहिरातफलकावर जाऊन आदळला. फाऊल, म्हणजे तोही स्ट्राइकच. दोन स्ट्राइक.

तिसरा चेंडू थेट छातीच्या उंचीवर आला. तो वळणार हे चंद्रमतीला ठाऊक होतं, कधी वळणार तेही ठाऊक होतं. तिने जीव खाऊन बॅट फिरवली. चेंडू तिच्या अंदाजाहून खोल वळला आणि बॅट वाऱ्यातून गेली.

सरांनी तिच्याकडे पाहत तिचं नाव खोडलं आणि त्या जागी शेषम्माचं लिहिलं.

शेषम्मा रडकुंडीला आली होती. चंद्रमतीने बॅट खाली टाकली, चेंडू उचलला आणि चालत तिच्यापर्यंत गेली. तो तिच्या मुठीत ठेवला आणि तिचं मनगट धरून सावकाश फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"चंद्रमती, तू संघात नाहीस!" सर गरजले. "मैदानाबाहेर हो."

तिने मागे वळून पाहिलं नाही.

"बाहेर होते, सर. हिचा दुसरा चेंडू अजून कच्चा आहे."