थोरली

२०१९ सालची गोष्ट. श्रावणातला सोमवार होता. नागव्वा परड्यात बसून दगडावर चाकूला धार लावत होती. समोर सिद्धेश्वरी हातात तपासणीचा कागद घेऊन उभी होती.

"वाच की गं," नागव्वा म्हणाली. "पास का नापास, माझी थोरली?"

थोरली म्हणजे परड्यातलं डाळिंबाचं झाड. वय चाळीस. आसपासच्या निम्म्या बागा तिच्या फांद्यांच्या. फांदीची साल बांगडीएवढी सोलायची, तिथं ओलं शेवाळ बांधायचं, महिन्या-दीड महिन्यात मुळं सुटली की नवं झाड तयार. याला गुटी म्हणतात, आणि नागव्वानं बांधलेली गुटी वाया जात नाही अशी तिची ख्याती. कुणाच्या बागेत जायचं असलं की ती आधी थोरलीच्या खोडाला चाकूचं टोक टेकवायची, एक हलकी चीर द्यायची, मगच उंबरा ओलांडायची. खोड चिरांनी भरलं होतं.

सिद्धेश्वरी त्याच आळीतली. लहानपणी नागव्वाला शेवाळ भिजवून द्यायची. आता मोडनिंबकडच्या एका प्रयोगशाळेत बाटल्यांमधून रोपं वाढवायची, पानं तपासायची. मागल्या आठवड्यात ती थोरलीची चार पानं आणि सालीचा तुकडा घेऊन गेली होती.

"अज्जी, तेल्या निघाला."

नागव्वा हसलीच. तेल्या तिला काय माहीत नव्हता? फळावर तेलकट डाग पडतो, डाग काळा होतो, फळ उकलतं. तीन वर्षांत या रोगानं गावात एक बाग ठेवली नव्हती.

"खुळी का काय तू? वर बघ. एका फळावर डाग दाव मला."

"तिला होत न्हाय, अज्जी. ती नुसती अंगात बाळगती."

दगडावरचा चाकू थांबला.

"आन् दुसऱ्यास्नी?"

सिद्धेश्वरीनं चाकूकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. तेवढं पुरलं. नागव्वाचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. शरणप्पाची बाग. महेश्वरची. मग मल्लप्पाची सहाशे झाडं. ती बांधावर रचून पेटवली तेव्हा नागव्वा त्याच्या बायकोला धरून रडली होती. दुसऱ्या वर्षी तिनं त्याला पुन्हा गुट्या बांधून दिल्या, फुकट. त्या दिवशी निघताना थोरलीला दोन चिरा जास्तीच्या दिल्या होत्या.

"चाकू कदी जाळावर धरला होता, अज्जी?"

"जाळावर धरला की पोलादाचं पाणी उतरतंय, धार जाती."

"निदान धुतला तरी होता?"

नागव्वानं चाकू पदराला पुसला. नेहमीच पुसायची तसा. मग तो पदरच हातात धरून बघत राहिली.

तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि मल्लप्पा आत आला. धुतलेलं धोतर, कपाळाला ताजी विभूती, हातात नारळ.

"चला अक्का! बाटलीतली रोपं आली. एका मापाची, जणू साच्यातनं काढल्यात. आपल्या सिद्धीच्या हातची हायत. पण पयलं रोप तुमच्याच हातनं लागायचं. रोपाची पिशवी तुमच्या चाकूनं फाडायची. टेकवा थोरलीला आन् बसा गाडीत."

"मी न्हाय येत."

"आता रुसताय का काय? बायको हळद-कुंकू घेऊन बांधावर उभी हाय की."

"माझा हात लागंल ते झाड मरंल, मल्लप्पा."

तो आधी हसला. मग हसू मावळलं.

"गुट्या बांधायचं बंद पडणार म्हणून शाप देता व्हय, अक्का? एक बाग जळली माझी, तेवढ्यानं तुमचं पोट भरलं न्हाय?"

"काका, तसं न्हाय…" सिद्धेश्वरी कागद घेऊन पुढं झाली.

"तू गप बस," नागव्वा म्हणाली.

एका वाक्याचं काम होतं. कागद हातभरावर होता. पण तुझी झाडं माझ्या चाकूनं मेली, हे त्याच्या तोंडावर म्हणायला तिची जीभ उचलेना. त्यापेक्षा जळकी म्हणवून घेणं सोपं वाटलं.

मल्लप्पानं नारळ उंबऱ्यावर ठेवला होता. जाताना तो उचलून घेऊन गेला.

त्याच संध्याकाळी नागव्वानं कुऱ्हाड आणून थोरली तोडली आणि जागेवरच जाळली. त्या जाळात चाकूही टाकला.

मल्लप्पाची बाग जोरात आली. तिसऱ्या वर्षी फळाला एक डाग नव्हता. माल परदेशी गेला. पहिल्या तोड्याची फळं त्यानं आळीत घरोघर वाटली, एक घर सोडून. सिद्धेश्वरी आता प्रयोगशाळेत दहा मुलींना शिकवते. पहिल्या दिवशी त्यांना चाकू जाळावर धरायला लावते. का ते सांगते, कुणाच्या चाकूवरनं शिकली ते सांगत नाही. तो कागद त्या दिवसापासून तिच्या कपाटात घडी न मोडता पडून आहे.

नागव्वा आहे. थोरलीचा बुंधाही आहे. मुळं उकरायची तर दुसरं माणूस लागतं, आणि शापाची गोष्ट गावभर झाल्यापासून तिच्या परड्यात कुणी पाय ठेवत नाही. दर पावसाळ्यात बुंध्यातून तांबूस, लवलवीत फुटवा येतो. एकही डाग नसलेला. नागव्वा तो बोटांनी खुडते, चुलीत घालते, आणि सिद्धेश्वरीनं दारात आणून दिलेल्या जंतू मारायच्या औषधाच्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुते.